टाकीतले एकोणीस फोटो

“ब्लेड आडवं धरायचं,” जमीर म्हणाला. “उभं धरलं की आतली सर्किट गेली. मग तुमचे फोटो थेट जन्नतमध्ये जाणार, पडद्यावर नाही.”

जमीर इनामदार आमच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात तंत्रज्ञ होता. जी वस्तू दुरुस्त होणार नाही असं कागदोपत्री ठरलेलं असे, ती त्याच्या टेबलावर येऊन गुपचूप दुरुस्त होत असे. त्या दिवशी त्याच्यापुढे माझा कॅमेरा होता. माझा म्हणजे कंपनीचा. त्याला जुन्या पद्धतीचं जाडजूड, बिस्किटाएवढं कार्ड लागायचं. बिनवायरीने फोटो पाठवणारी नवी कार्डं तेव्हा नुकतीच आली होती, पण ती टपालाच्या तिकिटाएवढी. ते तिकीट या बिस्किटात घालायचं, मग ते कॅमेऱ्यात घालायचं, अशी सोय करणारा एक अ‍ॅडॉप्टर मी पुण्याहून आणला होता. सगळं व्यवस्थित बसलं. फोटो मात्र जाईनात.

“जातील कसे?” जमीर म्हणाला. “वरून खालून पत्रा आहे ह्याला. आत कार्ड बिचारं बोंबलतंय, बाहेर काही येत नाही. पत्रा काढायचा.”

“काढला तर चालेल?”

“कंपनीची वस्तू आहे साहेब. चालेल का ते कागदावर विचारलंत तर नाही चालणार.”

त्याने ब्लेडचं टोक पत्र्याच्या कडेखाली सरकवलं. चिकटवलेला पत्रा टक्‌ टक्‌ करत सुटत गेला. खालची हिरवी पट्टी उघडी पडली. तिच्यावर त्याने पिवळसर चिकटपट्टी लावली आणि मग म्हणाला, “आता हे पातळ झालं. खाचेत हलणार. जाडीला काहीतरी पाहिजे. पातळ प्लास्टिक आहे का कुणाकडे?”

“ह्ये चालंल का बघा,” असं म्हणत दारापाशी उभ्या असलेल्या गोरख थिट्याने खिशातून आपला जुना गेटपास काढला. “मुदत संपलेला हाय. तसंबी सा महिन्याला नवा देत्यात.”

गोरख थिटे टाक्या धुणाऱ्या ठेकेदाराचा माणूस. वय पंचेचाळीसच्या आसपास. अकरा वर्षं तो आमच्या टाक्यांत उतरत होता आणि अकरा वर्षांत त्याच्याकडे बावीस गेटपास जमले होते. परमनंट कामगाराला एकच मिळतो, तो निवृत्त होईपर्यंत.

मी त्या कंपनीचा जनसंपर्क अधिकारी होतो. केमिकल कंपनीचा जनांशी संपर्क शक्यतो येऊ नये, हे पाहणं हे या पदाचं मुख्य काम. उरलेल्या वेळात मी ‘आपला परिवार’ नावाचं त्रैमासिक काढायचो, ज्यात दर अंकात आठ पानं सत्काराचे फोटो आणि दोन पानं योगासनं असत. मराठीत एम.ए. झालेल्या माणसाला याहून जास्त वाङ्मय झेपतही नाही.

त्या वर्षी सुरक्षा सप्ताहात परीक्षकांची समिती येणार होती. गेल्या वर्षी शेजारच्या कंपनीने मंडपात भलामोठा पडदा लावून समितीला सुरक्षेचं महत्त्व पटवलं होतं आणि पारितोषिक नेलं होतं. तेव्हापासून आमचे कारखानाप्रमुख कर्नावटसाहेब नीट जेवत नव्हते. “दाबके, मला लाइव्ह पाहिजे,” ते मला म्हणाले होते. “टाकीत माणूस पडला, टीम धावली, माणूस काढला. सगळं समितीला बसल्या जागी दिसलं पाहिजे.” प्लांटमध्ये व्हिडिओच्या वायरी ओढायला बंदी. म्हणून हे बिनवायरीचं कार्ड.

आणि टाकीत पडणारा माणूस म्हणजे गोरख.

म्हणजे कागदावर नव्हे. कंपनीच्या नियमाप्रमाणे सुरक्षेच्या सरावात फक्त प्रशिक्षित, परमनंट कर्मचारीच भाग घेऊ शकत. म्हणून कागदावर अपघातग्रस्त होते स्टोअर्सचे कुबल. त्यांना निवृत्तीला सात महिने राहिले होते, गुडघे गेले होते, आणि टाकीच्या तोंडातून त्यांचं पोट आत गेलं नसतं. गेलं असतं तर परत आलं नसतं.

“कुबलसायबांचं मराण मी मरायचं,” गोरख हसत म्हणाला. “मला काय, सवय हाय. गावच्या नाटकात धा वर्सं मीच मरतोय. पैल्या अंकात. म्होरचं नाटक मी कधी बघितलंच न्हाई.”

“मग काय, लवकर घरी जायला मिळत असेल,” जमीर म्हणाला.

“न्हाई ओ. पडदा पडस्तवर तसंच पडून ऱ्हायचं. मेल्यावर कुटं जातोस?”

तो गेल्यावर जमीर कॅमेरा जुळवत होता, तेवढ्यात गोरख परत आला. या वेळी हसत नव्हता.

“साहेब, एक इचारू? फोटूत त्वांड दिसंल का माजं?”

“दिसेल की.”

“न्हाई म्हंजी, कर्नावटसायेब म्हनल्येत, औंदा पारितोषक आलं तर एप्रिलच्या यादीत नाव घालतो. पाच मान्सं परमनंट करनारेत. पर त्यांनी मला कधी नीट बघितल्यालं न्हाई. टाकीतनं वर आलं की समद्यांची तोंडं सारखीच दिसत्यात. पडद्यावर दिसलो म्हंजी कसं, ध्यानात ऱ्हाईल.”

मी त्याला वचन दिलं. माझ्या नोकरीत वचन देणं हा कामाचाच भाग होता, त्यामुळे वचन देताना मला कधी काही वाटत नसे. त्या वेळी मात्र मला खरंच वाटलं की हा माणूस यादीत यावा, आणि माझ्या फोटोमुळे यावा.

*

आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. टाकी दोन वर्षं बंद होती. उभी, लोखंडी, आत अंधार, वर चढायला शिडी आणि शिडीच्या टोकाला लोखंडी जाळीचा कट्टा. टाकीचं तोंड जेमतेम दीड फुटाचं. त्यातून एकतर माणसाचं डोकं आत जाईल किंवा कॅमेरा. डोकं घालायला सुरक्षेच्या नियमाने मनाई होती, म्हणून मी कट्ट्यावर आडवा पडून कॅमेरा धरलेला हात खांद्यापर्यंत आत घालायचो आणि अंदाजाने बटण दाबायचो. आत काय दिसतंय ते मला दिसत नसे. फ्लॅशला बंदी, कारण त्या भागात ठिणगी चालत नाही. अंधारात कॅमेऱ्याची पापणी हळू मिटते, आणि तेवढ्यात समोरचं काही हललं की फोटो पुसट येतो.

तालमीतले सगळे फोटो पुसट आले. गोरख मन लावून तडफडत होता.

“थिटे, हे नाटक नाही,” मी म्हणालो. “हललात की फोटो गेला. तोंड वर करून पडा आणि काहीही झालं तरी हलू नका.”

“तडफडायचं न्हाई?”

“नाही.”

“मंग मेलोय ह्ये कळनार कसं?”

“गळ्यात पाटी आहे ना.”

ती पाटी सुरक्षा अधिकारी हेमंत बारटक्के याने रंगवून घेतली होती. पांढऱ्यावर लाल अक्षरांत ‘अपघातग्रस्त’. बारटक्के सरावाची संहिताही घेऊन आला होता, मिनिटामिनिटाची. दहा अडतीसला अपघातग्रस्त टाकीत उतरेल. दहा चाळीसला तो एक हात वर करून मदतीची याचना करेल. त्याच वेळी सायरन. दहा सेहेचाळीसला बचाव पथक. दहा पन्नासला अपघातग्रस्त मंडपासमोर उठून उभा राहील आणि समितीला नमस्कार करेल.

“आत उतरायचं परमिट झालं?” मी विचारलं. विचारायचं म्हणून.

“झालं की.” त्याने कागद दाखवला. उद्याची तारीख, सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा, आणि हवेतला ऑक्सिजन एकवीस टक्के.

“हे उद्याचं आजच मोजलंस?”

“अरे, दोन वर्षं रिकामी टाकी आहे. हवा कुठे जाणार आहे?”

हवा कुठे गेली ते नंतर कळलं. त्या टाकीला नायट्रोजनची एक नळी जोडलेली होती. माणूस आत उतरवण्यापूर्वी ती नळी सोडवून तिच्या तोंडाला पत्रा ठोकायचा असतो. सराव आहे म्हणून तो ठोकला नाही. सकाळी शेजारच्या टाकीला नायट्रोजन दिला गेला आणि मधला व्हॉल्व्ह गळका निघाला. नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो. तो फक्त हवेची जागा घेतो. आमच्याकडे त्या एप्रिलच्या यादीसाठी बरेच जण प्रयत्नात होते, पण इतक्या शांतपणे कुणीच कुणाची जागा घेतली नसती.

*

चार मार्चला दहा वाजून अडतीस मिनिटांनी गोरख टाकीत उतरला. उतरताना शिडीवर थांबून म्हणाला, “साहेब, डावी बाजू चांगली येती माजी.” मी कट्ट्यावर आडवा पडलो आणि हात आत घातला.

दहा चाळीसला सायरन वाजला नाही.

मंडपात सत्कार चालला होता. समितीचे पाच सदस्य, प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि तुळशीचं रोप. सूत्रसंचालकाने प्रत्येकाचा परिचय वाचायला घेतला. तिसऱ्या सदस्याचा परिचय दीड पान होता. कर्नावटसाहेबांनी कंट्रोल रूमला निरोप दिला होता की शेवटचा नारळ दिल्याशिवाय सायरन वाजवायचा नाही. भर सत्कारात भोंगा वाजला तर वाईट दिसतं.

सायरन दहा सत्तेचाळीसला वाजला. मी हात बाहेर काढला, शिडी उतरलो आणि मंडपाकडे पळालो, कारण टाकीच्या लोखंडातून फोटो बाहेर जात नव्हते, हे मला तिथेच कळून चुकलं होतं. मंडपाजवळ पोचल्यावर जाऊ लागतील, असं जमीर म्हणाला होता. पळता पळता कॅमेऱ्याकडे बघायचंही मला सुचलं नाही.

पथक आलं. नंतर सगळ्यांनी मान्य केलं की पथकाचं काम उत्तम झालं. पाठीवर हवेचे सिलिंडर बांधलेली दोन माणसं आत गेली, दोर बांधला, गोरखला वर ओढलं आणि स्ट्रेचरवरून मंडपासमोर आणून ठेवलं. सायरनपासून मोजलं तर संहितेपेक्षा एक मिनिट लवकर. समितीने टाळ्या वाजवल्या.

आणि त्याच वेळी पडद्यावर फोटो यायला लागले.

जमीर लॅपटॉपपाशी बसला होता. कार्डाची आणि लॅपटॉपची गाठ घालून द्यायला त्याला तेवढा वेळ लागला होता. त्याने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. दहा-बारा सेकंदांनी एक, असे ते येत होते, काढले त्या क्रमाने. पहिल्या फोटोत गोरख हसत होता. गळ्यात पाटी, डावी बाजू कॅमेऱ्याकडे. लोक हसले. दुसऱ्यात त्याने गंभीर चेहरा केला होता. चौथ्यात तो पुन्हा हसत होता, जरा जास्तच, दारू प्यायल्यासारखा.

“कलाकार दिसतोय,” समितीचे अध्यक्ष म्हणाले.

सहावा पुसट. सातवा पुसट. आठव्यात एक हात वर आला होता, संहितेप्रमाणे. नवव्यात तो हात अर्ध्यावर होता आणि बोटं वाकडी झाली होती. अकराव्यात गोरखने मान वळवली होती आणि तो थेट कॅमेऱ्यात बघत होता. तोंड उघडं. बाराव्यातही उघडंच, पण ओठांचा आकार वेगळा.

तेरापासून एकोणीसपर्यंतच्या फोटोंत काहीच फरक नव्हता. तो हलत नसल्यामुळे ते सगळ्यात स्पष्ट आले होते.

“काय क्लिअर आलेत!” कर्नावटसाहेब म्हणाले.

सूत्रसंचालकाने माइक उचलला. “आता आपले अपघातग्रस्त श्री. कुबल उठून समितीला अभिवादन करतील.” तिसऱ्या रांगेत बसलेले कुबल सवयीने अर्धे उठले. शेजारच्याने त्यांना शर्टाला धरून खाली बसवलं. स्ट्रेचरवरून कुणी उठलं नाही. “श्री. कुबल,” सूत्रसंचालक पुन्हा म्हणाला. लोक हसत होते. बारटक्के स्ट्रेचरपाशी वाकला आणि दातांतून म्हणाला, “थिटे, बास आता. उठ.” मग त्याने गोरखच्या गालाला हात लावला.

बारटक्के उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. फोटो काढायला हवा होता असं मला वाटलं. अशी सवय असते.

*

त्याच दुपारी लॅपटॉप कंपनीच्या संगणक विभागाने ताब्यात घेतला. तिसऱ्या दिवशी बारटक्के माझ्या घरी आला. बाहेरच्या खोलीत बसला, पाणी घेतलं, आणि थोडा वेळ आमच्या माशांच्या पेटीकडे बघत राहिला.

“असं ठरतंय,” तो म्हणाला, “की कुबल कट्ट्यावर तयार उभे होते. थिटे आधीच, कुणाला न सांगता, सावलीला झोपायला रिकाम्या टाकीत शिरला होता. सराव चालू होता म्हणून पथक हजर होतं, म्हणून तो लगेच बाहेर तरी निघाला.”

“दोनशे लोकांनी त्याला पडद्यावर पाहिलंय. गळ्यात पाटी घालून.”

“दोनशे लोकांनी सरावाचे फोटो पाहिले. त्यांना विचारलंय कुणी नाव? सूत्रसंचालकाने तर कुबल म्हणून सांगितलं. सगळ्यांनी ऐकलंय.” त्याने पेला खाली ठेवला. “प्रश्न फक्त कार्डाचा आहे, दाबके.”

“माझ्याकडे आहे.”

“ते मला ठाऊक आहे. मी ते मागत नाहीये. मी फक्त म्हणतोय, तो अ‍ॅडॉप्टर तुम्ही लोकांनी घरगुती पद्धतीने फोडला होता. असल्या फोडलेल्या वस्तूतलं कार्ड खराब होतं की नाही? होतं. एका वाक्याचं काम आहे.” आणि मग, वेगळ्याच आवाजात, “माझी सही आहे रे त्या परमिटवर. मुलगी बारावीला आहे.”

तो गेल्यावर मी कार्ड घरच्या संगणकाला लावलं. एकोणीस फोटो धडधाकट होते. प्रत्येकाखाली वेळ होती, तास, मिनिटं, सेकंद. बराच वेळ मी फोटोंकडे न बघता त्या वेळांकडे बघत होतो. शेवटचा फोटो दहा सेहेचाळीस. मग मी कार्ड काढून आगपेटीत ठेवलं.

गोरख कामावर मेला असं ठरलं असतं तर त्याच्या बायकोला भरपाई आणि घरातल्या एकाला कंपनीत नोकरी, परमनंट, द्यावी लागणार होती. झोपायला गेला असं ठरलं तर काहीच नाही. हे मला माहीत होतं. हे कंपनीत सगळ्यांनाच माहीत होतं, त्रैमासिकात कामगार कल्याणाच्या पानावर मीच ते छापत असे.

*

चौकशी कंपनीच्या विश्रामगृहात झाली. सरकारी अधिकारी सभ्य होते. घाईत नव्हते, पण त्यांना चारची गाडी होती.

“फोटो तुम्हीच काढलेत?”

“हो.”

“ते उपलब्ध आहेत?”

“नाहीत. कार्ड खराब झालं. अ‍ॅडॉप्टर इथेच उघडून त्यात बदल केला होता.”

“कोणी?”

हे नाव घ्यायला मला बारटक्केने सांगितलं नव्हतं. मी एकदा खिडकीकडे पाहिलं. “इन्स्ट्रुमेंट विभागाचे इनामदार.”

“टाकीत कोण होतं, तुम्ही पाहिलंत?”

“मी आत पाहिलं नाही. फक्त हात घातला होता.” हे शब्दशः खरं होतं.

“आतून काही आवाज, हाक?”

“सायरन चालू होता. काही ऐकू आलं नाही.”

त्यांनी लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. वाक्यरचना माझ्यापेक्षा चांगली होती. मी सही केली.

आठवड्याभरात जमीरला पत्र मिळालं. कंपनीच्या उपकरणात विनापरवाना फेरफार, त्यामुळे महत्त्वाची माहिती नष्ट. कामावरून कमी. तो माझ्या केबिनमध्ये आला तेव्हा ते पत्र त्याच्या हातात नव्हतं, खिशात घडी करून होतं.

“साहेब, तो अ‍ॅडॉप्टर मी केलाय,” तो म्हणाला. “एक फोटो खराब झाला नसता त्यातून. तुम्हालाही माहितीये.”

“जमीर, माझ्या हातात…”

“थांबा. नोकरीचं मी बघेन. पुण्यात माझा मेव्हणा आहे, कॅमेरे दुरुस्त करतो.” तो बसला नाही. “मला फक्त एक कळत नाही. कर्नावटसाहेब खोटं बोलले, त्यांचं पारितोषिक जातंय. बारटक्के खोटं बोलले, त्यांची सही आहे. तुमचं काय जात होतं? तुम्ही नुसते फोटो काढलेत.”

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो.

“मी विचार करत होतो,” तो म्हणाला. “पत्राला तुमचा जबाब जोडलाय, सायरन चालू होता म्हणून. फोटोखाली वेळ असते. सायरन किती वाजता झाला ते कंट्रोल रूमच्या वहीत असतं. दोन्ही कुणी शेजारी शेजारी ठेवले तर कळेल, तुम्ही फोटो काढत होता तेव्हा सायरन वाजतच नव्हता.” त्याने माझ्याकडे पाहिलं. फार रागाने नाही, यंत्र कुठे बिघडलंय ते सापडल्यावर पाहायचा तसं. “शांतता होती साहेब. सगळं ऐकू येत असणार.”

मग तो गेला. पुण्यात त्याचं बरं चाललंय असं ऐकतो.

पारितोषिक आम्हाला मिळालं. पहिलं नाही. ‘सरावादरम्यान उद्भवलेली प्रत्यक्ष आणीबाणी तत्परतेने हाताळल्याबद्दल’ विशेष गौरव. त्याचा फोटो मीच काढला, आणि ‘आपला परिवार’च्या मुखपृष्ठावर छापला.

*

त्याला आता बारा वर्षं झाली. मी नोकरी सोडली. दिवाळी अंकांसाठी विनोदी लेख लिहितो. लोक म्हणतात, तुमचं निरीक्षण फार चांगलं आहे.

चौकशीच्या दिवशी, सही करून मी विश्रामगृहाबाहेर आलो, तेव्हा पायरीवर गोरखची बायको बसली होती. शालन. सोबत दीर होता, तो पाणी आणायला गेला होता. तिला साक्षीला बोलावलं नव्हतं. ती तशीच आली होती. मला पाहून उभी राहिली.

“तुमीच न्हवं का फोटूवालं सायेब?”

“हो.”

“त्ये इनामदारभाऊ म्हनलं, फोटू हायती म्हून. त्यात ह्येंच्या गळ्यात पाटी हाय.”

“खराब झाले ताई. कार्डच गेलं.”

तिने मान हलवली. तिला धक्का बसलेला दिसला नाही. वस्तू जातात, कागद जातात, हे तिच्या अंगवळणी पडलेलं असावं. थोडा वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“एक इचारू का? तुमी जवळ हुता म्हनं. शेवटाला काय बोललं का ह्ये?”

“नाही. सायरन वाजत होता.”

“हां,” ती म्हणाली. “तसं बी ह्ये बोलनारं न्हवतंच. अकरा वर्सं झाली, म्या म्हनायची, सायबाला सांगा, आंग दुखतंय म्हनावं, आज न्हाई उतरत टाकीत. कधी एका शबुदानं कुनाला इचारलं न्हाई. भिडस्त मानूस.”

दीर पाणी घेऊन आला. तिने आधी मला विचारलं, घेता का म्हणून.

गोरखने विचारलं होतं. कट्ट्यावर गार वारा होता, लांब मंडपात कुणाचा तरी परिचय चालला होता, आणि माझ्या हाताखालून, अगदी जवळून, जड जिभेने पण स्पष्ट आवाज आला होता: “साहेब, बास करू का?”

“हलू नका,” मी म्हणालो होतो. “दोनच राहिलेत.”

त्यानंतर मी सात काढले.